मालिकेसाठी वेळ कुठली मागावी? सात की साडेआठ?

कागदबोळा: नमस्कार मंडळी. पुण्यात बसून आम्ही तिघं एक कौटुंबिक मालिका लिहितोय. सदाशिव पेठेतला वाडा, तीन पिढ्यांच्या बायका आणि पुनर्विकासावरून पेटलेलं घर. पुढच्या आठवड्यात मुंबईला वाहिनीसमोर गोष्ट मांडायची आहे. वेळ तेच ठरवतात, पण ‘तुमच्या डोक्यात कुठला स्लॉट आहे?’ असं विचारतात म्हणे. मी साडेआठ म्हणतोय, जोडीदार सातवर अडून बसलाय. सुचवा.

तीनशिट्ट्या: जाणकार नाही, बघणारी आहे. कर्वेनगर. सात ते आठ आमच्याकडे मालिका बघत नाहीत, ऐकतात. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत असते, सासूबाई हॉलमध्ये मेथी निवडत असतात, टीव्हीचा आवाज शेजारच्यांनाही पुरेल एवढा. परवा सुनेनं कपाटातून कसलासा कागद काढला, ढॅण ढॅण संगीत, आणि नेमकी कुकरची शिट्टी. लाटणं घेऊनच बाहेर धावले तर जाहिरात! ‘आई, काय होतं हो त्यात?’ तर म्हणाल्या, ‘चष्मा कुठे होता मला!’ तेव्हा सातला यायचं तर काय घडलं ते कुणीतरी तोंडानं बोला. नुसते डोळे वटारून भागत नाही. आमचे हे हिंजवडीहून साडेआठला उगवतात, मग रिमोट त्यांचा.

कापाकापी: ताईंचं पटलं. काही वर्षं मालिकांच्या संकलनात घालवलीत म्हणून सांगतो, नुसतं घड्याळ बघू नका. तुमच्या आधी काय लागतं आणि समोरच्या वाहिनीवर काय चालू असतं, ते आधी बघा. आधीची मालिका चालत असली की तिचा प्रेक्षक उठायचा कंटाळा करतो, तो तुम्हाला आयता मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये सुरू करणार असाल तर साडेसात नकोच, आयपीएलचा सामना त्याच वेळेला. शिवाय टीआरपीचं मीटर असलेल्या घरात प्रत्येकाचं बटण वेगळं असतं, म्हणजे खोलीत कोण बसलंय तेही मोजलं जातं. तुमची गोष्ट वाड्याच्या वाटणीची, तिला पुरुषमाणसंही बसतील. माझं मत साडेआठ.

आणि मिळालेली वेळ कायमची समजू नका. आकडे गुरुवारी येतात, त्या दिवशी सेटवर कुणी मोठ्यानं हसत नाही. ‘आई कुठे काय करते’सारखी गाजलेली मालिका इतकी वर्षं साडेसातला चालली, तीही २०२४ मध्ये दुपारी अडीचला गेलीच.

कागदबोळा: मेलो. आमच्या पहिल्याच भागात आजी ट्रंकेतून मृत्युपत्र काढते आणि दीड मिनिट कुणी चकार शब्द काढत नाही. आज रात्री तो प्रसंग पुन्हा लिहितो. ताई, तो चष्म्याचा संवाद वापरला तर चालेल?

तीनशिट्ट्या: खुशाल वापरा. फक्त वेळ साडेआठचीच मागा, तेव्हा सासूबाई जेवायला बसलेल्या असतात.