अक्राणीतल्या कुटुंबाला महिन्याला नेमकं किती धान्य बसतं? हिशोब कसा मांडायचा, सल्ला हवा

तोरणमाळी

नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी (धडगाव) तालुक्यात काम करतोय. पाड्यांवरच्या प्रत्येक घराला सरकारकडून महिन्याला किती अन्न मिळायला हवं, याचा घरनिहाय अंदाज काढायचा आहे. एक्सेल शीट तयार केली आणि पहिल्याच घरापाशी अडलो.

घर असं: म्हातारी आई, थोरला मुलगा, त्याची बायको आणि चार मुलं, धाकटा मुलगा, त्याची बायको आणि दोन लहान मुलं. खाणारी ११. रेशनकार्ड एकच, पिवळं, अंत्योदय (सर्वात गरीब घरांचं). कार्डावर नावं ९, कारण धाकट्याची पोरं चढवलेलीच नाहीत. थोरल्याची मोठी मुलगी आश्रमशाळेत राहते. धाकटी सून सातव्या महिन्यात आहे. धाकटा आणि ती दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परत येतात. दुकान डोंगर उतरून खाली; पुढे जीप मिळाली तर मिळाली.

माझ्या शीटमध्ये माणशी ५ प्रमाणे ५५ किलो येतात. सहकारी म्हणते ३५. अंगणवाडी आणि शाळेतलं अन्न यात धरायचं का? आणि या सगळ्याची रुपयांत किंमत लावायची तर कुठला भाव घ्यायचा? 'वेबसाइटवर बघा' सोडून काहीही सांगा, ती बघून झालीय.

निवृत्त पुरवठा

तुमच्या सहकारी ताईंचं बरोबर आहे. अंत्योदय कार्डाला माणसं मोजायचीच नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो, घरात एक म्हातारी असो की ११ जण. माणशी ५ किलो हा हिशोब दुसऱ्या प्रकारच्या कार्डाचा, म्हणजे प्राधान्य कुटुंबाचा. जानेवारी २०२३ पासून दोन्ही फुकट, त्यामुळे ३ रुपये तांदूळ, २ रुपये गहू ही जुनी वजाबाकी शीटमधून काढून टाका.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. ७ माणसांपर्यंत अंत्योदय फायद्याचं किंवा बरोबरीचं. आठवं माणूस आलं की 'सर्वात गरीब' म्हणून दिलेलं कार्ड प्राधान्यापेक्षा कमी धान्य देतं. अक्राणी-अक्कलकुव्यात एकत्र घरं मोठी, तिथे हे हमखास दिसणार. शीटमध्ये 'मिळणारे किलो भागिले खाणारी माणसं' असा रकाना ठेवलात तर अंत्योदयाची मोठी घरं प्राधान्य घरांच्या खाली गेलेली तुम्हाला दिसतील.

खान्देशी पोर

मग कार्ड प्राधान्यात बदलून घ्यावं ना सरळ? ११ × ५ = ५५.

निवृत्त पुरवठा

अजिबात नको. अंत्योदय एकदा सोडलं की परत मिळत नाही असंच समजून चाला. त्यावरची महिन्याची किलोभर साखरही जाते. उद्या मुली लग्न होऊन गेल्या, धाकटा वेगळा झाला, की घरात चार माणसं आणि २० किलो.

त्यापेक्षा विभक्त कार्ड. आई आणि थोरल्याचं कुटुंब मिळून ७, त्यांच्याकडे अंत्योदय ठेवायचं, ३५ किलो. धाकट्याचं चौघांचं वेगळं कार्ड करून प्राधान्यात, २० किलो. बेरीज ५५. आकडा तुमचाच, वाट वेगळी. पण आधी धाकट्याच्या दोन पोरांची नावं चढवा, नाहीतर तिथे दोघांचेच १० किलो बसतील. जन्मदाखले नसतील तर कामाची सुरुवात तिथून.

आणि अर्ज टाकण्याआधी तहसीलच्या पुरवठा शाखेत एकच प्रश्न विचारा: इष्टांक (धान्य मिळणाऱ्या माणसांची ठरलेली संख्या) शिल्लक आहे का? राज्याला केंद्राने ठरवून दिलेली मर्यादा ७ कोटी १७ हजार माणसांची आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. इष्टांक भरलेला असेल तर धाकट्याला नवं कोरं कार्ड मिळेल, त्यावर धान्य मात्र मिळणार नाही. प्राधान्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ४४ हजारांच्या आत लागतं. ऊसतोडीची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) उत्पन्नात कशी लिहिली जाते तिकडे लक्ष ठेवा.

कोरकू ढाणा

मी मेळघाटात शिक्षक आहे. अंगणवाडी आणि शाळेबद्दल सांगतो.

ते अन्न धराच, पण किलोंत मिसळू नका, वेगळा रकाना करा. शाळेत पहिली ते पाचवी रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवी १५० ग्रॅम धान्य, फक्त शाळेच्या दिवशी. मे महिन्यात शून्य. ते पोराच्या पोटात जातं, घरच्या कणगीत नाही. तुमची आश्रमशाळेतली मुलगी उलटं उदाहरण आहे: नाव कार्डावर, जेवण तिकडे. म्हणजे त्या महिन्यांत घरात खाणारं एक तोंड कमी. कार्डावरून नाव कमी करायचं नाही, फक्त शीटमध्ये खाणाऱ्यांचा आकडा महिन्यागणिक बदलायचा.

धाकटी सून सातव्या महिन्यात म्हणता, तर ती अमृत आहार योजनेत बसते. आदिवासी प्रकल्प क्षेत्रात अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं पूर्ण गरम जेवण, २०१५ पासून चालू आहे. लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी, ते नंतर जोडलं गेलं. कार्डाच्या धान्यात डाळ नाही, तेल नाही, अंडं तर नाहीच. म्हणून वजनात किरकोळ दिसणारा हा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ती ऊसतोडीला गेली की नेमका हाच बुडतो. कार्ड गुजरातेत चालेल, अंगणवाडीतलं ताट तिच्या मागे जात नाही.

घरी न्यायचा जो पाकीटबंद आहार मिळतो (टीएचआर), तो एकट्या बाईच्या नावावर पूर्ण धरू नका. ते पाकीट घरातली सगळी पोरं मिळून खातात, मी रोज बघतो.

तोरणमाळी

बापरे, धन्यवाद. कार्ड गुजरातेत चालेल म्हणजे नक्की कसं? अंत्योदयाचे ३५ किलो फोडून मिळतात?

काट्यावरचा

मी दुकानदार आहे, धागा वाचून लॉगिन केलं. हो, फोडून मिळतात. 'एक देश एक रेशनकार्ड'मध्ये तिकडच्या दुकानात बारा अंकी नंबर किंवा आधार सांगायचा, अंगठा द्यायचा, हवं तेवढं उचलायचं. उरलेलं गावाकडचे इथे उचलतात. अडचण अशी की फडावर गेलेल्या माणसाला कुठलं दुकान, कधी उघडं, काही माहीत नसतं आणि मुकादम सुट्टी देत नाही. न उचललेलं पुढच्या महिन्यात जमा होत नाही, मुदतवाढीचं पत्र निघालं तरच. आणि २०२५ मध्ये नवा नियम आलाय: सहा महिने सलग धान्य उचललं नाही तर कार्ड तपासणीसाठी थांबवतात. धाकट्याचं वेगळं कार्ड केलंत तर हे ध्यानात ठेवा, एकत्र कार्डाला ही भीती नव्हती.

आता माझं म्हणणं. तुम्ही सगळे कार्डावरची नावं मोजताय. मी दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवरची मोजतो. कार्डाच्या पुस्तकात ९ नावं असतील, मशीनवर ७ दिसतील. एकाचं आधार जोडलेलं नाही, एकाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) बाकी. प्राधान्य कार्डाला तिथेच ५-५ किलो कमी होतात आणि शिव्या मला. त्यामुळे शीटमध्ये तीन आकडे ठेवा: घरात किती, कार्डावर किती, मशीनवर किती. तिसरा आकडा बघायला माझ्याकडे यायची गरज नाही, महाईपॉस या रेशन मशीनच्या सरकारी साइटवर आरसी (रेशनकार्ड) नंबर टाकला की दिसतो, 'मेरा राशन' ॲपमध्येही दिसतो.

बारीक बोलणारा

दुकानदार साहेब, चौथा आकडाही ठेवायला सांगा की. पावतीवर किती आणि पोत्यात किती.

काट्यावरचा

ठेवा. पावती प्रत्येकाने मागून घ्या, मशीन छापतंच. आमच्याकडे गोडाऊनमधून येणारं पोतं कधी कधी भरत नाही, ती घट कुणी सोसायची हा वेगळा धागा होईल. पण गिऱ्हाइकाने पावती घ्यायलाच हवी, याबाबत दुमत नाही.

अजून एक, पावसाळ्याचं. २०२५ मध्ये जून, जुलै, ऑगस्ट तिन्ही महिन्यांचं धान्य एकदम उचलायला सांगितलं होतं. तसं पुन्हा झालं तर जूनमध्ये १०५ किलो दिसतील आणि पुढचे दोन महिने शून्य. शून्य बघून 'धान्य मिळालं नाही' अशी बोंब मारू नका.

भामरागडची पर्लकोटा

पावसाळ्यावरून. आमच्याकडे भामरागडला पर्लकोटा नदी चढली की तालुका तुटतो, म्हणून पावसाळ्याआधी धान्य गावात पोचवून ठेवायची पद्धत जुनी आहे, नवसंजीवन योजनेपासूनची (१९९५). तुमच्याकडे नर्मदाकाठच्या, बोटीने जायच्या गावांचं तेच असणार. अंदाजात 'किती' इतकंच 'कधी'ला वजन द्या. १०५ किलो एकदम मिळाले तर ते डोंगर चढवून न्यायचे कसे, कुडाच्या घरात ओल लागू न देता ठेवायचे कुठे? आमच्याकडे काही घरं अर्धं धान्य दुकानाजवळच्या नातेवाइकाकडे ठेवतात आणि त्यातलं थोडं तिथेच राहतं. ते कुठल्या रकान्यात टाकायचं ते तुम्हीच ठरवा!

आमच्या बाजूला एक सोपी गोष्ट आहे. माडिया आदिम जमातीत मोडतात, त्यामुळे अंत्योदयाच्या निकषातच बसतात. कोलाम आणि कातकरी यांचंही तसंच. तुमच्याकडे पावरा आणि भिल्ल जास्त, त्यांना ही वाट नाही.

खान्देशी पोर

आणि डोंगर उतरायचा खर्च? तो कुणीच धरला नाही.

निवृत्त पुरवठा

बरोबर पकडलंत. समजा जाऊन-येऊन जीपचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून एका खेपेला ४०० रुपये पडले. ३५ किलोच्या घराला ते किलोमागे साडेअकरा रुपये. २० किलोच्या घराला २० रुपये. चौघांच्या घरात 'फुकट' गहू बाजारभावाच्या जवळ जाऊन बसतो. त्यात नेटवर्क नाही म्हणून परत पाठवलं तर दुसरी खेप, म्हणजे तोटाच. म्हणून छोट्या कार्डाची माणसं शेजाऱ्यांच्या सोबतीने दोन-तीन घरांची एकच जीप करतात. विभक्त कार्डाचा सल्ला मीच दिला, पण दोन्ही भावांनी खेप एकत्र करायची, हे त्यात गृहीत आहे.

अंगठा लागत नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, अशा केंद्राच्या सूचना २०१७ पासून आहेत. दुकानदाराने दुसऱ्या सदस्याचा अंगठा किंवा नोंद ठेवून धान्य द्यायला हवं. म्हाताऱ्या आईच्या बोटांच्या रेषा गेल्या असतील तर सुनेचा अंगठा आधीच चालता करून ठेवा.

रुपयांतल्या किमतीचं: तुम्हाला काय दाखवायचंय त्यावर आहे. घराला झालेला फायदा दाखवायचा तर धडगाव किंवा मोलगीच्या बाजारातला त्या आठवड्याचा भाव घ्या, वर सांगितलेला खेपेचा खर्च वजा करा. घराचं बुडालेलं धान्य दाखवायचं असेल तर कायद्याखालच्या नियमांतच सूत्र आहे. हक्काचं धान्य दिलं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा, तो हमीभावाच्या सव्वापटीतून विक्री किंमत वजा करून. गव्हाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४२५, सव्वापट ३०३१, म्हणजे किलोला ३० रुपये धरा. विक्री किंमत सध्या शून्यच आहे. तक्रारीत हा आकडा लिहिलात तर समोरच्याला तो नाकारता येत नाही, बाजारभावावर मात्र वाद घालता येतो.

बारीक बोलणारा

सगळं ठीक. पण २०२२-२३ च्या सरकारी खर्च पाहणीत ग्रामीण माणूस महिन्याला साडेनऊ किलोच्या वर तृणधान्य खातो, असं आलंय. कायदा देतो ५. या घरात ३५ भागिले ११ म्हणजे सव्वातीनच्याही आत. डोंगर चढणारी, फडात राबणारी माणसं सरासरीपेक्षा कमी खातात का? शीटमध्ये 'उरलेलं कुठून येतं' हा रकाना नसेल तर तुमचा अंदाज सरकारसाठी होईल, घरासाठी नाही.

तोरणमाळी

मान्य, टाकतो. घरची ज्वारी-मका किती महिने पुरते ते विचारून लिहीन.

@कोरकू ढाणा, तुमच्याकडे केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी पैसे मिळतात असं ऐकलं. आमच्याकडे एक-दोन घरं केशरी आहेत.

कोरकू ढाणा

ते १४ जिल्ह्यांपुरतं आहे: मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा. आधी माणशी १५० रुपये, २०२४ पासून १७०, थेट खात्यात. मेळघाट अमरावतीत म्हणून आम्हाला लागू, नंदुरबार त्यात नाही. तुमच्या केशरी घरांचा रकाना शून्यच ठेवा आणि त्यांचं उत्पन्न खरंच ४४ हजारांच्या वर आहे का ते आधी तपासा. बहुतेक नसेल.

तोरणमाळी

शेवटचं. तहसीलला दाद लागली नाही तर?

निवृत्त पुरवठा

१९६७ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, मग जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी. अर्जाला तीन गोष्टी जोडा: कार्डाची झेरॉक्स, मशीनवरच्या सदस्यांची प्रिंट आणि न मिळालेल्या गव्हाचे किलो × ३० रुपये. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.