निकोलाए बात्सारिया: तुर्की मंत्री सांगू की रोमानियन बालसाहित्यिक?

वाचनालय_घाटंजी: आमच्या वाचनालयात शिक्षक असलेल्या लेखकांवर वीस मिनिटं बोलायचं असते. या खेपेला आरोमानी (बाल्कन मुलखातला एक भाषिक समाज) लेखक बात्सारिया घेतले आहेत. एका ठिकाणी ते तुर्कस्तानचे मंत्री दिसतात, दुसरीकडे रोमानियन बालसाहित्यिक. समोर सातवी-आठवीची पोट्टे आणि गावातले जाणते लोक राहतील. सुरुवात कुठून करू, आणि घोळ कुठं होतो?

पांढरकवडेकर: भाऊ, सुरुवात शाळेपासूनच करा, बाकी सारं तिथूनच निघते. जन्म 1874, क्रुशेवो. गाव तेव्हा उस्मानी (ऑटोमन तुर्की) राज्यात होतं, आज उत्तर मॅसिडोनियात आहे. शिक्षण बितोल्याच्या रोमानियन शाळेत. पुढं बुखारेस्टला गेले, पण पैशाअभावी पदवी राहिली. मग आपल्याच मुलखात मास्तरकी केली आणि 1899 मध्ये कोसोवो व सलोनिका प्रांतांतल्या रोमानियन शाळांचे निरीक्षक झाले.
आरोमानी कोण, हे पोडावरच्या (कोलाम वस्तीवरच्या) लेकरांवरून सांगा: घरी कोलामी, शाळेत मराठी. तशी तिथं घरी आरोमानी आणि शाळेत रोमानियन. दोन्ही भाषा लॅटिनमधून आल्या, तरी त्या एक नाहीत. शाळांना पैसा रोमानिया देई, ग्रीक चर्चचा त्यांना कडवा विरोध होता. एवढं समजलं की मास्तर राजकारणात का शिरला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

नकाशावाला_वणी: घोळ गावांच्या नावात होतो. मोनास्तिर आणि बितोला हे एकच गाव, सलोनिका म्हणजे आजचं ग्रीसमधलं थेसालोनिकी. दोन नकाशे लावा, एक 1912 च्या आधीचा, एक आजचा. फक्त आजचा लावला तर रोमानियन शाळा मॅसिडोनियात कशी, इथंच लोक अडकतात.
सगळ्यात जास्त वेळ 1913 ला द्या. तरुण तुर्कांच्या (सुलतानाची मनमानी मोडून राज्यघटना मागणाऱ्या गटाच्या) क्रांतीनंतर, 1908 मध्ये, ते सिनेटर झाले. 1913 मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री. त्याच वर्षी 30 मे रोजी, पहिलं बाल्कन युद्ध संपवणाऱ्या लंडनच्या तहावर उस्मानी बाजूनं सही करणाऱ्यांत ते होते. त्या तहानं एनोस-मिडिया रेषेच्या (इस्तंबूलच्या पश्चिमेला आखलेली नवी सरहद्द) पश्चिमेचा मुलूख उस्मानींच्या हातून गेला, म्हणजे त्यांचं क्रुशेवो आणि त्यांनी तपासलेल्या शाळाही. मला तरी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात जड घटना हीच वाटते.

झाडीपट्टी_वाचक: पोट्ट्यांसाठी ‘हाप्लेआ’ ठेवा जी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते रोमानियात स्थायिक झाले आणि ‘मोश नाए’ या टोपणनावानं मुलांसाठी लिहू लागले. हाप्लेआ हा त्यांच्या चित्रकथेतला, खेड्यातला खादाड भोळसट. चित्रं मारिन योर्दाची, शब्द यांचे. संवाद फुग्यात नसत, चित्राखाली यमकात ओळी असत. योर्दानं 1927 मध्ये त्यावर ॲनिमेशनपटही केला. ड्रॉइंग शीटवर सहा चौकटी पाडा, प्रत्येकीखाली दोन ओळींची जागा सोडा आणि ओळी पोट्ट्यांकडूनच जुळवून घ्या. सहापेक्षा जास्त चौकटी घेतल्या तर वीस मिनिटांत आटपत नाही.
जाणत्यांसमोर एक गोष्ट झाकू नका. आरोमानी भाषेत त्यांनी ‘परावुली’ हा किश्श्यांचा संग्रह काढला, 1901 मध्ये. पण पुढचं बहुतेक लेखन रोमानियन भाषेत आहे. त्यांना निव्वळ आरोमानी लेखक म्हटलं तर अर्धं सत्य होते.
शेवटही सांगा. कम्युनिस्ट राजवटीत त्यांना अटक झाली आणि 1952 मध्ये ते कैदेतच वारले.

पांढरकवडेकर: वेळ अशी वाटा: शाळा सात मिनिटं, 1913 सहा, हाप्लेआच्या चौकटी पाच, उरलेली दोन प्रश्नांना. मंत्रिपदापासून उचललं तर गावकरी तुर्कस्तानातच अडकतील, शाळेपर्यंत येणारच नाहीत.