मदत हवी आहे : शेडसाठी एलईडी, दोन कोटेशनपैकी कुठलं घेऊ?

निफाडकर
नमस्कार मंडळी. शेडमध्ये नवीन हाय-बे लाइट (उंच छताला टांगायचे मोठे दिवे) लावायचेत. दोन कोटेशन आलीत, उद्या संध्याकाळपर्यंत ऑर्डर द्यायची आहे.
अ : १०० वॅट, १३००० लुमेन, ६५०० केल्विन, सीआरआय ७० च्या वर, आयपी ६५.
ब : १०० वॅट, ११००० लुमेन, ४००० केल्विन, सीआरआय ८० च्या वर, आयपी ६५.
अ स्वस्तही आहे आणि उजेडही जास्त. मग ब वाला जादा पैसे कशाचे मागतोय? विचारलं तर "क्वालिटी" एवढंच उत्तर. लवकर सांगा.

वायरमनकाका
शेड केवढं, उंची किती, खाली काम काय चालतं? काहीच लिहिलेलं नाही. ट्रॅक्टर लावायच्या शेडला आणि लेथच्या शेडला एकच लाइट कसा सांगायचा?

गोदाकाठ
अ घ्या. आमच्या गोडाऊनला ६५०० चेच आहेत, लख्ख उजेड पडतो. ४००० म्हणजे पिवळट, अंधारल्यासारखं वाटतं.

सातपूरकर
@गोदाकाठ, केल्विन हा उजेडाचा रंग झाला. उजेड किती ते लुमेन सांगतं, आणि टेबलावर प्रत्यक्ष किती पोचला ते लक्स. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. ४००० पिवळट नसतो, पांढराच असतो, फक्त निळसर झाक नसते.

ओझरचा_भाऊ
मी म्हणतो सोलरच करून टाका. पत्र्यावर पॅनल बसवा, बिलाची कटकटच मिटेल. आम्ही घरी केलंय, फोटो टाकू का?

निफाडकर
भाऊ, सोलर नकोय. शेड ४० बाय ६० फूट, वर पत्रा, मध्यभागी उंची १८ फूट. द्राक्षाचं पॅकहाउस आहे. सीझनला बायका रात्री उशिरापर्यंत पॅकिंगला बसतात. आता सांगा.

सातपूरकर
दादा, द्राक्षाचं आहे हे कळल्यावर उत्तरच बदललं! तुमच्याकडे सगळा खेळ रंगाचा. हिरवा मणी कुठला, पिवळसर पडलेला कुठला, तपकिरी डाग कुठे, देठ ताजा की सुकत चाललेला, हे दिसलं नाही तर लुमेन घेऊन काय करणार?
सीआरआय म्हणजे या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००. तो फक्त आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचा आकडा वेगळा असतो : आर ९. सीआरआय ७० च्या एलईडीत आर ९ बऱ्याचदा शून्याच्याही खाली असतो, आणि तपकिरी-पिवळसर फरक ओळखायला लाल लागतोच. ब वाला पैसे याचेच मागतोय. रंग नीट दाखवायचे तर तेवढ्याच वॅटमध्ये लुमेन थोडे कमी मिळतात. आर ९ किती, हे त्याला विचाराच.

गोदाकाठ
एवढं कागदी कशाला? बायकांचे हात-डोळे बसलेले असतात. वर्षानुवर्षं साध्या ट्यूबखाली माल गेलाच ना?

पिंपळगावची
मी पॅकिंगला बसते म्हणून लिहिते. लाइट वर उंच आणि पाठीमागे असला की आपल्याच डोक्याची सावली घडावर पडते. मग घड उचलून फिरवून बघावा लागतो. रात्री आत जो घड हिरवा वाटला तोच सकाळी दारात पिवळट दिसतो, आणि बोलणी आम्हाला बसतात. दादा, टेबलावर लाइट द्या.

सातपूरकर
ताईंचं शंभर टक्के बरोबर. हिशोब बघा. शेड साधारण २२३ चौरस मीटर. चालण्या-फिरण्यापुरते २०० लक्स धरले तर टेबलापर्यंत ४४६०० लुमेन पोचायला हवेत. भिंती आणि धूळ मिळून निम्मा उजेड खातात, म्हणजे दिव्यांतून ९० हजारांच्या आसपास. ब चे ८ नग झाले. मणी निवडायला मी ५०० लक्सच्या खाली जाणार नाही, पण ते छतावरून आणायला जाल तर नग दुपटीच्या वर जातील. त्यापेक्षा प्रत्येक टेबलावर चार फुटी बॅटन (ट्यूबसारखा लांब एलईडी दिवा) टांगा.

निफाडकर
मग वर अ आणि टेबलावर ४००० वाले, असं चालेल? पैसे वाचतील.

सातपूरकर
नका करू. दोन रंगांचा उजेड एकाच टेबलावर मिसळला की घड या बाजूने एक आणि त्या बाजूने दुसरा दिसतो. सगळीकडे ४००० ठेवा. दोन्हीचा एकेक नग मागवा, रात्री एकच घड दोघांखाली धरून बघा, सकाळी तोच उन्हात बघा. @गोदाकाठ, तुम्हीही करून बघा.

वायरमनकाका
आयपी ६५ वर कुणी बोललंच नाही. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा चालतो. पण आमचीच पोरं फिटिंगला नवीन भोक पाडतात, वायर आत घालून टेप गुंडाळतात. तिथेच आयपी संपला! मग चिलटं आत शिरतात आणि काच काळी पडते. ग्लँड, म्हणजे वायर आत जाते तिथलं घट्ट बूच, मूळ जागीच बसवून घ्या. आणि कव्हर काचेचं नको, पॉलिकार्बोनेटचं घ्या. खाली खायचा माल आहे.
कागदावर टीए किती ते बघा. फिटिंग किती तापमानाच्या हवेत चालेल, त्याचा तो आकडा. एप्रिलमध्ये पत्र्याखाली ४५ सहज ओलांडतं, म्हणून ५० वालं मागा आणि पत्र्यापासून दोन फूट खाली टांगा. आधी ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) जातो, एलईडी नाही. तुमच्या फीडरला व्होल्टेज खाली-वर होतंच, तेव्हा १४० ते २७० व्होल्ट चालणारा आणि ४ केव्ही सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) सोसणारा ड्रायव्हर घ्या.

ओझरचा_भाऊ
कांदाचाळीला पण आयपी ६५ लागतो का? आमच्याकडे साधा बल्ब आहे.

निफाडकर
दोन्ही सॅम्पल सांगितलीत. अ वाल्याला आर ९ विचारला, म्हणे कंपनीला विचारून सांगतो. ब वाल्याने लगेच रिपोर्ट पाठवला, त्यात १२ आहे. ऑर्डर सॅम्पल बघून देईन. टेबलावरचे बॅटन किती वॅटचे घेऊ?

वायरमनकाका
चार फुटी २० वॅट, सीआरआय ९० मिळाला तर उत्तम, टेबलापासून साडेतीन-चार फुटांवर टांगा. दोन ओळींचे स्विच वेगळे ठेवा, म्हणजे माल कमी असेल तेव्हा एकच ओळ चालू ठेवता येईल. मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढा, पट्टे लपलपताना दिसले तर तो नग परत करा. त्याखाली रात्रभर बसलं की डोकं दुखतं.