सैनिकाच्या पत्नीला खासगी नोकरीत कौटुंबिक रजा मिळते का?

प्रश्न : ऐरोलीहून

नमस्कार. मी ऐरोलीतील एका खासगी कंपनीत सहा वर्षांपासून काम करते. मूळ कंपनी अमेरिकेतील आहे. माझे यजमान सैन्यात हवालदार असून सध्या सीमेवर आहेत. रात्री साडेआठनंतर रेंज मिळाली तरच आमचे बोलणे होते. पुढच्या महिन्यात १८ तारखेला सासूबाईंच्या गुडघ्याच्या सांधेरोपणाची शस्त्रक्रिया ठरली आहे. रुग्णालयाच्या अर्जावर 'जबाबदार नातेवाईक' या रकान्यात माझी सही आहे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी वर आणल्यानंतर निदान तीन आठवडे मला घरीच राहावे लागेल.

कंपनीच्या हँडबुकात 'फॅमिली अँड मेडिकल लीव्ह' या प्रकरणात बारा आठवड्यांची रजा आणि सैनिकांच्या कुटुंबीयांसाठी वेगळी तरतूद लिहिलेली आहे. त्याआधारे मी अर्ज केला, तेव्हा 'हे भारतासाठी नाही' एवढ्या एका ओळीत तो परत आला. हे बरोबर आहे का? माझ्या खात्यावर ४५ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे, पण एका वेळी दहा दिवसांहून जास्त देत नाही, असे मॅनेजर म्हणतात.

प्रतिसाद : नौपाडा, ठाणे

ताई, मी अठरा वर्षे मनुष्यबळ विभागात काम करत आहे. एचआरचे उत्तर बरोबर असले, तरी एका ओळीत ते देणे मला पटत नाही, कारण तुमच्यासमोर एका आजारी माणसाचा प्रश्न आहे.

हँडबुकातील 'फॅमिली अँड मेडिकल लीव्ह' ज्या कायद्यातून येते, तो अमेरिकेचा, १९९३ सालचा आहे आणि तिथे नोकरी करणाऱ्यांनाच लागू होतो. बारा महिन्यांची नोकरी, त्यात १,२५० तास काम आणि ७५ मैलांच्या परिसरात कंपनीचे किमान ५० कर्मचारी, या अटी पूर्ण झाल्या तरच ती रजा मिळते, आणि तीही बिनपगारी असते. २००८ पासून त्यात सैनिकांच्या कुटुंबीयांची भर पडली. पती, मुलगा किंवा वडील परदेशातील मोहिमेवर निघाले, तर त्यातून उद्भवणाऱ्या कामांसाठी बारा आठवड्यांपर्यंत, आणि जखमी सैनिकाच्या शुश्रूषेसाठी २६ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते. मात्र त्या कायद्यात 'आईवडील' म्हणजे स्वतःचे आईवडील. सासू-सासरे त्यात येत नाहीत. म्हणजे तुम्ही अमेरिकेत असतात, तरी या शस्त्रक्रियेसाठी ती रजा बहुधा मिळाली नसती.

आपल्याकडे तुमच्यासाठी महत्त्वाचा कायदा म्हणजे २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम. त्यानुसार वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा मिळते. वर्षात २४० दिवस काम झाले, की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. तुमची मर्यादा पूर्ण झाली आहे. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी करूनही ती नाकारली, तर ४५ च्या वर जाणाऱ्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कायदा देतो. म्हणून तीन तारखेच्या आत तीन आठवड्यांचा अर्ज ईमेलने पाठवा आणि सोबत डॉक्टरांचे पत्र जोडा. मात्र व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरील व्यक्तींना हा कायदा लागू नसतो, म्हणून आपले पद आधी तपासून घ्या.

प्रतिसाद : कळवा

माझे यजमान सैन्यातून निवृत्त झाले आहेत, म्हणून लिहिते. आपल्याकडे खासगी नोकरीत सैनिकाच्या पत्नीसाठी वेगळी रजा नाही. रजा सैनिकालाच मिळते. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते, आणि आईची शस्त्रक्रिया हे ती मागण्याचे योग्य कारण आहे. रुग्णालयाचे तारीख घातलेले पत्र यजमानांना पाठवा, म्हणजे युनिटमध्ये तेच अर्जाला जोडता येईल. अडचण आली, तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सेवेतील जवानांच्या कुटुंबीयांची कामेही तिथे पाहतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तिथल्या साहेबांनी माझ्यासमोर बसून युनिटला पत्र लिहिले होते.

आणखी एक विचारते. सासूबाई अवलंबित म्हणून यजमानांच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैन्याच्या दफ्तरी असलेल्या कुटुंबाच्या नोंदीत, नोंदलेल्या आहेत का? असल्यास कुलाब्याच्या अश्विनी या नौदल रुग्णालयातही उपचारांची चौकशी करता येईल.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. माझे पद पर्यवेक्षकीय नाही. नोंद आहे की नाही, हे आज रात्री फोन लागला तर यजमानांनाच विचारते. ते पहिले दहा दिवस येऊ शकले, तर माझी रजा त्यानंतर सुरू करावी, की आम्ही दोघांनी एकत्र घ्यावी?

प्रतिसाद : कळवा

एकत्र घेऊ नका. पहिल्या दहा दिवसांत उचलून बसवण्याचे काम असते, ते मुलाच्या हातून होऊ द्या. त्यानंतर चालण्याचा सराव सुरू होतो, तेव्हा तुम्ही घरी असणे जास्त गरजेचे आहे. त्यांची रजा मंजूर होईपर्यंत तुमचा अर्ज मात्र १८ तारखेपासूनचाच राहू द्या.