किशोरवयीनांसाठी समवयस्कांचा आधार गट कसा निवडावा? सल्ला हवा

कोरी_वही
वय १६. अभ्यासाचं दडपण, घरातली धुसफूस असे काही विषय वर्गातल्या मैत्रिणींपाशी काढता येत नाहीत. माझ्याच वयाच्या मुलामुलींचा गट हवा आहे, ऑनलाइन चालेल. चांगला गट ओळखायचा कसा आणि पहिली पोस्ट लिहायची कशी? "मोठ्यांशी बोल" एवढंच सांगून धागा बंद करू नका, प्लीज.

वाटाड्या
आधी नियमांचं पान उघड. ते नसेलच तर तिथूनच परत फीर. असेल तर तीन गोष्टी बघ: वयोमर्यादा, मॉडरेटर (गटावर लक्ष ठेवणारे) कोण आहेत, आणि कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल लिहिलं तर गट नेमकं काय करतो. तिसऱ्याचं उत्तर सापडत नसेल तर बाकीचे नियम कितीही गोड असोत, गट कच्चा आहे. बऱ्याच मोठ्या समाजमाध्यमांवर किमान वय १३ असतं, पण त्याचा अर्थ तिथे सगळे किशोरच आहेत असा होत नाही. फक्त किशोरांसाठी वेगळा विभाग असेल आणि प्रौढांना तिथे खाजगी निरोप पाठवता येत नसतील, तर तो आधी निवड.

मग दोनेक आठवडे नुसतं वाच. अनुत्तरित पोस्ट किती पडून आहेत? रात्री उशिरा आलेल्या जड पोस्टकडे कुणी बघतं का? सावरलेले जुने सदस्य अजून लिहितात का? आणि एक बारीक खूण: वाईट दिवसाच्या पोस्टला पन्नास प्रतिसाद आणि "आज जरा बरं गेलं" याला एकही नाही, असं दिसलं तर जपून. अशा ठिकाणी लक्ष वेधायचं तर वाईटच वाटत राहावं लागतं, आणि हे कुणी ठरवून करत नाही म्हणूनच लवकर ध्यानात येत नाही.

शाईपेन
पोस्ट कशी लिहायची ते सांगते. पहिल्याच ओळीत काय हवंय ते लिही: "फक्त ऐकून घ्या" की "उपाय सुचवा". हे न लिहिल्यामुळेच निम्मी भांडणं होतात. एकाला मन मोकळं करायचं असतं आणि समोरचे वेळापत्रक बनवून देतात. पुढे काय चाललंय ते चार-पाच ओळींत, काय करून पाहिलं ते एका ओळीत, शेवटी एकच प्रश्न. पाच प्रश्न टाकलेस तर सगळे त्यातल्या सोप्याचंच उत्तर देतील.

नमुना: "उपाय हवाय. चाचणीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, छाती धडधडते. मोबाइल लांब ठेवून पाहिला, फरक नाही. असं होणारे तुम्ही त्या रात्री शेवटचा एक तास काय करता?"

"मी काय करू" पेक्षा "तुम्ही काय करता" विचार. समवयस्कांकडे स्वतःचा अनुभव असतो, निदान नसतं. म्हणून औषधाचा डोस, गोळ्या बंद करणं, वजन उतरवणं, कायदेशीर तक्रार हे विषय गटाला विचारायचेच नाहीत. उत्तरं भरपूर येतील, हीच अडचण आहे.

निंबोणी
वरच्या दोघांशी सहमत, पण एक भर. चांगल्या गटातही तीच व्यथा रोज उगाळली तर त्रास वाढू शकतो. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये मुलामुलींच्या मैत्रीवर केलेल्या अभ्यासात हे मांडलं आहे: अडचणी पुन्हापुन्हा चघळणाऱ्यांची मैत्री जास्त घट्ट होती, पण उदासी आणि चिंताही जास्त होती. मैत्री घट्ट होते म्हणूनच ती सवय सुटत नाही. सोपी चाचणी अशी की गटातून बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाने हलकं वाटतंय की जड, हे वहीत टिपून ठेव. सलग काही दिवस "जड" येत असेल तर विषय बदल किंवा गट बदल. झोपायच्या आधीची वेळ तर टाळच.

कुलूपकिल्ली
सुरक्षिततेचं. टोपणनाव नवं घे, दुसऱ्या कुठल्याही खात्यावर वापरलेलं नको, कारण शोध घेतला की दोन्ही खाती लगेच जुळतात. शाळेचं नाव, गणवेशातला फोटो, क्लासची वेळ नको. फोटो टाकायचाच तर आधी त्यातली ठिकाणाची नोंद काढ. बंद गटातल्या मजकुराचेही स्क्रीनशॉट निघतात.

कुणी ओळख होताच "दुसऱ्या ॲपवर बोलू", "हे आपल्यातच ठेव", "एक फोटो पाठव" यातलं काहीही म्हणालं, तर उत्तर न देता स्क्रीनशॉट काढ, तक्रार कर, मग ब्लॉक. क्रम हाच ठेव, कारण काही ठिकाणी ब्लॉक केल्यावर जुना संवाद दिसेनासा होतो. मात्र पुरावा म्हणून कुणाही अल्पवयीनाचं नग्न चित्र साठवू किंवा पुढे पाठवू नकोस. निरोप आणि खात्याचं नाव पुरतं.

अठराच्या आतल्या कुणाचं खाजगी चित्र आधीच बाहेर गेलं असेल, तर "टेक इट डाउन" ही मोफत सेवा आहे. चित्र अपलोड करावं लागत नाही. फोनवरच त्याचा हॅश, म्हणजे एक सांकेतिक ठसा, तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो वापरून ते चित्र शोधून काढतात. न सहभागी झालेल्या ठिकाणी याचा उपयोग नाही.

कोरी_वही
खूप आभार, वहीत उतरवून घेतलं. आणि उलट झालं तर? गटातल्या कुणी मलाच खाजगीत गंभीर काही सांगितलं, वर "कुणाला सांगू नकोस" म्हटलं तर?

वाटाड्या
गुप्ततेचं वचन सुरुवातीलाच अर्धं दे: "तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण जीव धोक्यात असेल तर मी मदत बोलावणार." नंतर शब्द मोडण्यापेक्षा हे बरं.

शंका आली तर सरळ विचार, "आत्महत्येचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर "हो" असेल तर "आत्ता? काही ठरवलंय?" एवढं विचार आणि मॉडरेटरला लगेच कळव. ती व्यक्ती कुठे आहे हे माहीत असेल तर तिथल्या आणीबाणीच्या क्रमांकाची मदत एखाद्या मोठ्या माणसाकरवी मागव. भारतात मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. इतर देशांचे क्रमांक चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनलच्या संकेतस्थळावर देशवार मिळतात.

रात्रभर एकटीने समजूत काढत बसू नकोस. आणि मॉडरेटरने "आम्ही पाहतो" म्हणून नंतर काहीच केलं नाही, तर प्लॅटफॉर्मच्या तक्रार सोयीत "आत्मघात" हा पर्याय निवडून थेट तक्रार टाक.