प्रवासाने जीव मेटाकुटीला आलाय, घर मिळेपर्यंत काय करू?

मधलीसुट्टी

नवी नोकरी लागून तीन आठवडे झाले. सध्या मावशीकडे राहतेय. तिच्या दारापासून ऑफिसातल्या माझ्या खुर्चीपर्यंत १ तास ४० मिनिटं लागतात. आधी बस, मग रेल्वे, मग पुन्हा बस. संध्याकाळी तेच उलट. घर शोधायला उरतात शनिवार-रविवार. आतापर्यंत नऊ घरं पाहिली. पहिल्या चार घरांत मी नळ सोडून पाहिले, ओल आहे का म्हणून भिंतींना हात लावून पाहिला. परवाच्या घरात नुसती मधोमध उभी राहिले आणि "चालेल" म्हणणार होते, एकदाचा शोध संपावा म्हणून. बहीण फोनवर होती, ती ओरडली म्हणून थांबले.

प्रश्न दोन आहेत. तोवर हा प्रवास निभवायचा कसा? आणि घर निवडताना प्रवासाला किती वजन द्यायचं? भाड्यानेच घ्यायचंय. ठरलेल्या पैशांत ऑफिसजवळ छोटं मिळतं, लांब गेलं तर ऐसपैस. मावशी मी येईपर्यंत जागी राहते, त्यामुळे अजूनच अपराधी वाटतं.

बिऱ्हाडकरू

बहिणीला माझा नमस्कार सांगा.

दमलेल्या माणसाने करारावर सही करू नये. मी केली होती. एजंट म्हणाला, "स्टेशन १० मिनिटांवर." होतं की! दुचाकीवरून, रविवारी दुपारी. माझ्याकडे दुचाकी नव्हती. सोमवारी सकाळी चालत २७ मिनिटं लागली आणि करार वर्षभराचा. त्या वर्षात माझी पायताणं झिजली आणि स्वभावही.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. घर पसंत पडलं की हो म्हणायच्या आधी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, त्या घराच्या फाटकापासून ऑफिसपर्यंत एकदा जायचं. आणि संध्याकाळी परत त्या फाटकाशी यायचं. अंधारात शेवटचा पायी टप्पा कसा वाटतो ते नकाशावर दिसत नाही.

ऐसपैस

मी उलट सांगतो. प्रवासाची सवय होते, अडचणीच्या घराची होत नाही. दोन महिन्यांनी काही वाटणार नाही. मोठं घर घ्या.

आकडेमोड

ऐसपैस, सवय होते हे सगळेच म्हणतात, पण पुरावा फारसा तुमच्या बाजूने नाही. स्टुट्झर आणि फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासून २००८ मध्ये एक निबंध छापला होता. लांबचा प्रवास करणारा माणूस त्याबदल्यात चांगलं घर किंवा जास्त पगार मिळवत असणार आणि हिशोब जुळत असणार, असं अर्थशास्त्र मानतं. त्यांना दिसलं ते असं की हिशोब जुळत नाही, प्रवास जितका लांब तितकं समाधान कमी. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवून लिहायला सांगितला होता. कोणत्या वेळी कसं वाटलं, या यादीत सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास तळाला होता.

आता तुमचा हिशोब. रोज ३ तास २० मिनिटं, महिन्याला २२ दिवस धरले तर ७३ तास. म्हणजे महिन्यातले अख्खे तीन दिवस, रात्रींसकट, तुम्ही वाहनात किंवा वाहनाची वाट बघत काढता. मोठ्या घरातली जास्तीची खोली वापरायला तुम्ही घरी असणार कधी?

आणखी एक, हे लोक हमखास विसरतात. सरासरी वेळ बघू नका, वाईट दिवसाची वेळ बघा. समजा एका घरापासून सरासरी ४० मिनिटं लागतात, पण कधी ३० तर कधी ८०. दुसऱ्यापासून ५० लागतात, पण कायम ४५ ते ५५ च्या मध्ये. मी डोळे झाकून दुसरं घेईन. वेळेवर पोहोचायचं असेल तर पहिल्या घरातून रोज ८० च्याच हिशोबाने निघावं लागतं.

बसचंही तसंच. दर १० मिनिटांनी नेमाने बस येत असेल तर स्टॉपवर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. पण एक २ मिनिटांनी, पुढची १८ मिनिटांनी अशी आली, तर बसची संख्या तीच राहूनही सरासरी थांबणं ८ मिनिटांच्या वर जातं. कारण आपण त्या १८ च्या खिंडीत सापडण्याची शक्यता जास्त. "बस दर १० मिनिटांना आहे" एवढ्यावर घर घेऊ नका. स्टॉपवर अर्धा तास उभं राहून मोजा.

ऐसपैस

बरं बरं. माझ्या घरात मुलं, म्हातारी माणसं, सामान, म्हणून मला खोल्या लागतात. एकट्या माणसाचं गणित वेगळं असेल.

खिडकीची_जागा

आकडेमोड यांनी घराचं बोलून झालं, मी प्रवासाचं बोलते. दोन वर्षं असाच प्रवास केलाय.

सगळ्यात आधी ऑफिसात विचारा की पाऊण तास आधी येऊन आधी निघता येईल का, किंवा उशिरा. नवीन आहोत म्हणून संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण "घर मिळेपर्यंत दोन महिने" अशी मुदत घालून विचारलं की सहसा कोणी तोंड वाकडं करत नाही. पाऊण तासाच्या फरकाने कधीकधी उभ्याचा प्रवास बसून होतो आणि तो फरक मिनिटांत मोजता येत नाही.

बसमध्ये वाचू नका. मान खाली घातली की डोळ्यांना पान स्थिर दिसतं, कानाच्या आतल्या यंत्रणेला मात्र हेलकावे कळत असतात. दोघांचं जमत नाही आणि मळमळायला लागतं. पुढच्या बाजूला बसा, दूरवर बघा, कानात काहीतरी ऐका. वाचायचं ते रेल्वेत, तिथे हिसके कमी. आणि घरांच्या जाहिराती प्रवासात चाळू नका! मी त्याच चुकीने चिडचिडी झाले होते. प्रवास संपेपर्यंत दहा घरं "गेली" असायची आणि मी घरी रडवेली पोहोचायचे.

मासिक पास घाईने काढू नका. किती फेऱ्यांनंतर तो परवडतो ते आधी मोजा. महिना संपायच्या आत घर मिळालं तर तो पडून राहील.

मावशीशी बोला. "तू झोप, मी किल्लीने उघडून येईन" एवढं सांगून एक किल्ली मागून घ्या. तिलाही हवंच असेल.

कुलूपकिल्ली

बिऱ्हाडकरूंना अनुमोदन, थोडी भर घालते.

ऑफिसभोवती वर्तुळ काढून घर शोधू नका. सगळे तेच करतात. "५ किलोमीटरच्या आत" म्हणजे काहीच नाही. मध्ये नाला, रेल्वेमार्ग किंवा मोठा रस्ता आडवा असला तर ५ चे ९ होतात. त्याऐवजी ऑफिसजवळच्या स्टॉपवर थेट येणाऱ्या गाड्या कोणत्या ते बघा आणि त्या मार्गांच्या कडेने घर शोधा. एकही बदल न करता ५० मिनिटं आणि दोन बदल करून ४० यांत मी ५० घेईन. दुसरी गाडी दर १५ मिनिटांनी असेल आणि तुमची एका मिनिटाने चुकली, तर वाचवलेली १० मिनिटं तिथेच गेली, वर ४ गेली.

त्यातही जिथून गाडी सुटते त्या टोकाकडे घर मिळालं तर बसायला जागा. हे कोणत्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे तेही बघा.

गुगल मॅप्सवर "या वेळेपर्यंत पोहोचायचं" असं टाकता येतं. मंगळवार सकाळ टाकून बघा. रविवारी रात्री अंथरुणात पडून दिसणारी वेळ खरी धरू नका.

मधलीसुट्टी

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी! जाहिरातींचं तर अगदी माझंच वर्णन.

थेट गाडीचा विचारच केला नव्हता. आता तसं शोधलं तर यादीतली सहा घरं बाद झाली, त्यात मला सगळ्यात आवडलेलं गॅलरीवालंही. दोन राहिली. एक ऑफिसपासून चालत २० मिनिटं, पण एकच खोली आणि खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. दुसरं थेट बसच्या मार्गावर, पहिल्यापासून तिसरा स्टॉप, दोन खोल्या. काय करू?

बिऱ्हाडकरू

भिंतीवर उघडणाऱ्या खिडकीत मी एक हिवाळा काढलाय. दिवसा दिवा लावावा लागतो. सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नाही, आणि मग घर जवळ असून फायदा काय, माणूस बाहेरच. तरी दुसऱ्या घरावरून दोनदा जाऊन बघा. एकदा सोमवारी.

आकडेमोड

दुसऱ्याच्या करारात मुदतीआधी सोडायचं झालं तर काय अट आहे ते विचारा. लेखी. नवी नोकरी आहे, सहा महिन्यांत ऑफिसची जागाच बदलली तर?

मधलीसुट्टी

कळवायला उशीर झाला, क्षमस्व.

सोमवारी पहाटे मावशीकडून निघून आधी त्या दुसऱ्या घराच्या फाटकाशी गेले (शेजाऱ्यांना वाटलं असेल चोर पाहणी करतोय) आणि तिथून ऑफिसला. ५२ मिनिटं. बुधवारी ४९. दोन्ही वेळा बसायला जागा. संध्याकाळी ५८, कारण वाटेतल्या शाळेपाशी गर्दी होती. स्टॉपपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत, एक गिरणी आणि एक औषधांचं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं. ऑफिसने सकाळची वेळ अर्धा तास पुढे ढकलायला लगेच हो म्हटलं, उगीच घाबरत होते.

घरमालकीणबाईंनी दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन सोडायची अट करारात घातली. या वेळी नळ सोडून पाहिले. न्हाणीघरातला एक गळतो, तो सही करायच्या आधी बदलून देणार आहेत. शनिवारी सही.

मावशीला सांगितलं तर रुसली. म्हणे, मला काय जड झाली होतीस का.

खिडकीची_जागा

अभिनंदन! खिडक्या कुठे उघडतात?

मधलीसुट्टी

एक रस्त्यावर, एक मागच्या झाडावर. दुपारी ऊन थेट आत येतं असं वाटतंय, पण दुपारी मी गेलेच नाही कधी.

कुलूपकिल्ली

शनिवारी सही दुपारची ठेवा. आणि टेप घेऊन जा, पडद्यांचं माप त्याच वेळी होईल.