एका ओळीच्या चित्रपट-परीक्षणात बोलीतील कोटी कितपत टिकते?

प्रश्न (दादर) : २०११ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या लेटरबॉक्स्ड या चित्रपट-परीक्षणांच्या संकेतस्थळावर मी एका ओळीची मराठी परीक्षणे लिहितो. संगीतावरच्या एका चित्रपटाबद्दल ‘नाद आहे, खुळा नाही’ असे लिहिले, तेव्हा ‘नाद खुळा’ ही आपली दाद नाकारलेली पाहून कोल्हापूरकरांनी ती निंदा मानली, तर शब्दशः वाचणाऱ्या मुंबईतील काहींना ती चक्क स्तुती वाटली. इतक्या लहान मजकुरात बोलीवर कोटी करावी का?

उत्तर (गिरगाव) : अवश्य करावी. मात्र मोठ्या लेखात पुढचे वाक्य खुलासा करते, तसे येथे होत नाही. संदर्भ वाचकानेच आणायचा असतो. म्हणून बोलीचा अर्थ निसटला तरी उरलेला अर्थ त्याच दिशेला जाईल, असा शब्द निवडावा. भयपटाला ‘अंगावर काटा, तोही किर्र’ म्हटले, तर ‘काटा किर्र’ ही कोल्हापुरी दाद ठाऊक नसलेल्यालाही शहारा आणि किर्र रात्र जाणवतेच. आपल्या ओळीत नेमके उलट घडले.

उत्तर (लालबाग) : गिरण्यांमुळे कोकणातील आणि घाटावरील माणसे येथे शेजारी राहिली, त्यामुळे मुंबईकराला दोन्हीकडचे थोडेथोडे कळते (आणि सगळेच कळते असा त्याचा समज असतो). ‘पाककलेवरचा चित्रपट, पकले प्रेक्षक’ ही कोटी मात्र नागपुरातही चालेल, कारण ‘पकणे’ हिंदीमुळे सर्वत्र पोहोचले आहे.

उत्तर (ठाणे) : सोबत दोन तारे दिले असते, तर निंदा की स्तुती हा वादच उद्भवला नसता.